बट कुठला, जोड कुठला? एका शब्दात अडकलेल्या चोवीस प्लेट्स

  हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना माझं जे ‘म्हणजे... म्हणजे...’ झालं ते कापलंय, आणि आकडे नीट मांडलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

तर, मी कॉम्प्युटरमध्ये बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. वेल्डिंगचा होल्डर आयुष्यात दोनदा हातात धरलाय, दोन्ही वेळा रॉड प्लेटीला चिकटला. तरी आजचा भाग वेल्डिंगवर आहे. कारण दिवाळीला गावी गेलो तेव्हा माझे मामा एका शब्दामुळे अडकून बसले होते. तो शब्द म्हणजे ‘बट’.

मामांचं शॉप

लिंबागणेश म्हटलं की लोकांना भालचंद्र गणपती आठवतो. मला त्याच्यासोबत मामांचं फॅब्रिकेशन शॉप आठवतं. दसऱ्याच्या आधी तिथं पाय ठेवायला जागा नसते. ऊसतोडीला निघायच्या आधी प्रत्येकाला ट्रॉली नाहीतर टायरगाडी नीट करून हवी असते. मामा आयटीआय झालेले वेल्डर, हात एकदम साफ. वेल्डिंगच्या ओळीला ‘बीड’ म्हणतात, त्यामुळं त्यांचा एक ठरलेला विनोद आहे: “आपण बीडचे. आपल्याला बीड मारायला कोण शिकवणार?”

यंदा त्यांना पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. एका गोदामाच्या शेडचा सांगाडा. सहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दोन कॉलम, आणि त्यांच्यावर दोन तिरपे राफ्टर, आपल्या घराच्या आढ्यासारखे मध्ये भेटणारे. राफ्टर म्हणजे आय आकाराचा बीम: वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी, मध्ये उभी प्लेट. आडव्या पट्टीला फ्लँज म्हणतात. राफ्टरच्या दोन्ही टोकांना एक जाड प्लेट वेल्ड करायची, तिला भोकं पाडायची, आणि साइटवर ती बोल्टनं जोडायची. ही एंड प्लेट. सहा फ्रेम, बारा राफ्टर, चोवीस एंड प्लेट्स.

ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये आलं होतं. कोपऱ्यात सूचना होत्या. त्यातल्या दोन महत्त्वाच्या, मराठीत सांगतो. एक: सगळे बट वेल्ड फुल पेनिट्रेशन करावेत. दोन: बाकी सगळे वेल्ड ६ मिमी सलग फिलेट.

मामांनी ड्रॉइंग वाचलं. जिथं दोन प्लेट्स एका रेषेत टोकाला टोक लावून लांबी वाढवायची होती, तिथं कडेला ग्राइंडरनं व्ही मारला आणि आरपार माल भरला. राफ्टरचा फ्लँज एंड प्लेटीला काटकोनात टेकतो, तिथं दोन्ही बाजूंनी ६ मिमीचा फिलेट मारला. काम देखणं झालं. रंग मारायच्या आधी तपासणीला माणूस आला आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “एंड प्लेटीच्या जोडाला बेव्हल मारल्याचे फोटो दाखवा.”

मामा म्हणाले, “तिथं बेव्हल कशाला? तो काय बट आहे का?”

तो म्हणाला, “बटच आहे.”

चोवीसच्या चोवीस प्लेट्स नामंजूर. बिल थांबलं. स्टीलचे पैसे उधारीवर आणलेले, शॉपमधल्या चार पोरांची दिवाळी तोंडावर. मी घरात पाऊल टाकलं तर मामा मोबाईलवर तेच ड्रॉइंग मोठं करकरून बघत बसलेले. मला म्हणाले, “तू बीटेक ना रं? सांग मग, ह्येला बट म्हणत्यात का?”

मी म्हणालो, “मामा, माझं बीटेक कॉम्प्युटरचं.” पण रात्रभर बसलो. सकाळपर्यंत एवढं कळलं की मामाही बरोबर होते आणि तो तपासणीवालाही. चूक त्या दोन ओळींमध्ये होती.

एका रकान्यात दोन प्रश्न

जोड आणि वेल्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

जोड म्हणजे दोन प्लेट्स एकमेकींजवळ कशा ठेवल्यात. वेल्डिंगच्या पुस्तकांत याचे पाच प्रकार असतात. एका रेषेत टोकाला टोक, तो बट जोड. एकीवर दुसरी काटकोनात उभी, तो टी. एकीवर एक चढवलेली, तो लॅप. काटकोनात कडा जुळवून कोपरा केला, तो कॉर्नर. आणि पुस्तकाच्या पानांसारख्या कडा जुळवल्या, तो एज.

वेल्ड म्हणजे त्या जागेत वितळलेला माल कसा बसवला. इमारतीच्या स्टीलमध्ये मुख्य प्रकार दोन. एक, प्लेटीच्या कडेला तासून खाच करायची आणि जाडीच्या आत माल भरायचा. दुसरा, कडा न तासता दोन प्लेट्सच्या कोनात तिकोनी माल बसवायचा. हा दुसरा म्हणजे फिलेट.

आता पहिल्या प्रकाराला, खाचेत भरलेल्या वेल्डला, म्हणायचं काय?

अमेरिकेत त्याला ‘ग्रूव्ह वेल्ड’ म्हणतात. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या शब्दावलीत ‘बट’ हा शब्द फक्त जोडासाठी राखून ठेवलाय, आणि ‘बट वेल्ड’ हा प्रमाण शब्द नाही असं ती शब्दावली सांगते. म्हणजे त्यांच्या हिशोबानं बट जोडात ग्रूव्ह वेल्ड असू शकतो आणि टी जोडातही असू शकतो. गोंधळ कमी.

ब्रिटिश परंपरेत त्याच खाचेतल्या वेल्डला ‘बट वेल्ड’ म्हणतात. आपण तीच परंपरा घेतली. आपला स्टीलच्या बांधकामाचा मुख्य कोड, आयएस ८००, २००७ सालचा, ‘बट वेल्ड’ हाच शब्द वापरतो. वेल्डिंगचा जुना कोड, १९६९ चा आयएस ८१६, तोही. या भाषेत टी जोडात कडा तासून माल भरला, तर तो वेल्डही बटच. युरोपच्या कोडमध्ये तर ‘टी-बट’ असा जोडशब्दच आहे.

म्हणजे ‘बट’ हे एकाच नावाचे दोन व्हेरिएबल आहेत. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. एका फाइलमध्ये त्याचा अर्थ ‘प्लेट्स कशा ठेवल्या’, दुसऱ्या फाइलमध्ये ‘माल कसा भरला’. दोन्ही फाइल आपापल्या जागी बरोबर. त्या एकत्र आल्या की बग.

ड्रॉइंग काढणाऱ्यानं ‘बट वेल्ड’ लिहिताना खाचेतला वेल्ड डोक्यात धरला होता. मामांनी वाचताना टोकाला टोक लावलेला जोड डोक्यात धरला. मग उरलं काय? दुसरी ओळ: ‘बाकी सगळे ६ मिमी फिलेट’. ही ओळ म्हणजे आपला ‘एल्स’ ब्लॉक. ज्याला कुठलीच अट लागू होत नाही ते सगळं तिथं जाऊन पडतं, आणि एररही येत नाही. अख्ख्या सांगाड्यातले सगळ्यात जास्त ताण घेणारे चोवीस जोड मुकाट्यानं ‘बाकी सगळे’मध्ये जाऊन पडले. ड्रॉइंगवर त्या जागी बाण काढून वेल्डचं चिन्ह दिलं असतं, तर हा प्रश्नच आला नसता.

अजून दोन ‘बट’

थांबा, शब्दाचे अर्थ अजून संपले नाहीत.

सिव्हिलवाल्यांनी कॉलेजात बोल्टचं प्रकरण शिकताना ‘डबल कव्हर बट जोड’ काढला असेल. दोन प्लेट्स टोकाला टोक, वरून आणि खालून कव्हर प्लेट, आणि बोल्ट. त्यात वेल्ड नावालाही नाही, तरी तो बट जोडच. म्हणजे जोडाच्या नावावरून वेल्ड आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.

आणि रेल्वे. आपल्या बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून गाडी सुरू झाली. स्टेशनवर जाऊन ज्यांनी ज्यांनी रिळं काढली त्यांनी एक गोष्ट बघितली असेल: रूळ लांबच्या लांब सलग असतात, जुन्यासारखा दर थोड्या अंतरावर सांधा नसतो. हे रूळ जोडायची एक पद्धत आहे ‘फ्लॅश बट वेल्डिंग’. दोन रुळांची टोकं मशीनमध्ये पकडायची, जबर विद्युतप्रवाह सोडायचा, ठिणग्या उडत टोकं तापून मऊ झाली की एकमेकांवर दाबायची. रॉड नाही, खाच नाही, बाहेरून माल नाही. दुसरी पद्धत थर्मिटची: ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडचं मिश्रण पेटवून तयार झालेलं वितळलेलं पोलाद रुळांच्या फटीत ओतायचं. दोन्हींत जोड बटच होतो. पण ‘फ्लॅश बट’मधला बट हा प्रक्रियेच्या नावाचा भाग आहे. शेडच्या ड्रॉइंगवरच्या बट वेल्डशी त्याचा संबंध नाही. यूट्यूबवर नुसतं ‘बट वेल्डिंग’ शोधलं तर हे सगळं एका यादीत येतं, आणि शिकणारा पोरगा हमखास गोंधळतो.

खोली किती, हा तिसरा प्रश्न

समजा दोघांनी शब्द एकच धरला. तरी ‘बट वेल्ड करा’ एवढ्यानं भागत नाही, कारण माल किती खोल गेला पाहिजे ते त्यात नाही.

माल पूर्ण जाडीत गेला तर फुल पेनिट्रेशन. अमेरिकन ड्रॉइंगवर यालाच ‘सीजेपी’ लिहितात. आयएस ८०० मध्ये अशा वेल्डची परिणामकारक जाडी पातळ प्लेटीच्या जाडीइतकी धरतात. म्हणजे वेल्ड प्लेटीइतकाच भक्कम मानला.

माल अर्धवट खोल गेला तर पार्शियल, अमेरिकेत ‘पीजेपी’. तिथं प्रत्यक्षात जेवढी खोली मिळाली तेवढीच मोजायची, वर आलेला फुगवटा मोजायचा नाही. आणि एकाच बाजूनं भरलेल्या, मागून बंद न केलेल्या व्ही वेल्डसाठी आयएस ८१६ ताण काढताना जाडीच्या फक्त ५/८ धरायला सांगतो. म्हणजे १० मिमीच्या प्लेटीला ६.२५ मिमी. वरून ग्राइंडर फिरवून आरसा केला तरी हिशोबात ६.२५ च.

फिलेटचा हिशोब तिसराच. ६ मिमी फिलेट म्हणजे त्या तिकोनाची काटकोनातली बाजू ६ मिमी. ताण घेतो तो तिकोनाचा सगळ्यात अरुंद भाग, त्याला थ्रोट म्हणतात. काटकोनाच्या जोडात तो बाजूच्या ०.७ पट. म्हणजे ६ चे झाले ४.२ मिमी.

आता मामांच्या जोडाचं गणित करू. घाबरू नका, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. फ्लँज १० मिमी जाड, ई २५० ग्रेडचा. आयएस ८०० नुसार एक मिमी रुंदीची पट्टी ओढून धरायची ताकद १० गुणिले २५० भागिले १.१, म्हणजे साधारण २,२७० न्यूटन. दोन्ही बाजूंच्या ६ मिमी फिलेटचा थ्रोट मिळून ८.४ मिमी. शॉपमध्ये केलेल्या वेल्डसाठी धरायचा ताण ४१० भागिले वर्गमूळ ३ भागिले १.२५, म्हणजे साधारण १८९. गुणाकार केला की सुमारे १,५९० न्यूटन. प्लेटीच्या ७० टक्के!

म्हणजे फ्लँज पूर्ण ताकदीला पोचायच्या आधीच वेल्ड हरणार. हे मामांना दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसले. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की तपासणीवाला शब्दावरून अडून बसलाय. मग हळूच म्हणाले, “म्हंजी खरंच कमी पडलं असतं.”

सगळ्यात त्रासदायक गोष्ट ही की हे वरून दिसत नाही. टी जोडात फुल पेनिट्रेशन केलं की शेवटी कोनात बहुधा फिलेटसारखा एक थर येतो. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फिलेटवाल्या जोडाच्या पोटात मात्र फ्लँजचं टोक आणि एंड प्लेट यांच्यामध्ये न वितळलेली एक रेघ राहते. जिथं भार पुन्हा पुन्हा उलटसुलट येतो, उदाहरणार्थ क्रेन चालणाऱ्या शेडमध्ये, तिथं तडा या रेघेतूनच सुरू होऊ शकतो.

फुल पेनिट्रेशन लिहिलं म्हणजे संपलं का?

नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. तिथल्या स्टीलच्या इमारती उभ्या राहिल्या, पण नंतर आच्छादन काढून बघितलं तर शंभराहून अधिक इमारतींत बीम आणि कॉलमच्या जोडांना तडे. तो जोडही आपल्यासारखाच टी, आणि वेल्ड फुल पेनिट्रेशन. कारणं अनेक निघाली. त्यातली दोन अशी: वेल्डचा माल पुरेसा चिवट नव्हता, आणि मुळाशी आधाराला लावलेली पट्टी तशीच ठेवल्यानं तिथं खाचेसारखी जागा तयार झाली होती. सांगायचा मुद्दा, बरोबर शब्द ही पहिली पायरी. रॉड कुठला, मूळ साफ केलं का, तपासणी कशी, हे पुढं आहेच.

मामांचं पुढं काय झालं

आम्ही भांडलो नाही. मी आणि मामांनी मिळून डिझायनरला एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात फोटो लावले, ड्रॉइंगच्या त्या दोन ओळी टाकल्या, आणि विचारलं: या जोडाला तुम्हाला वेल्ड कुठला हवाय, खोली किती, आणि प्रत्यक्ष येणारा ताण किती आहे?

उत्तर चांगलं आलं. अशा फ्रेममध्ये कॉलमजवळच्या कोपऱ्यात ताण जास्त असतो, आढ्याला कमी. आढ्याच्या बारा प्लेट्स त्यांनी पुन्हा तपासल्या आणि तिथं फिलेट १० मिमीपर्यंत वाढवायला परवानगी दिली. गणित बघा: १० मिमीचे दोन फिलेट म्हणजे १४ मिमी थ्रोट, सुमारे २,६५० न्यूटन, प्लेटीपेक्षा जास्त. पण ६ चं १० करणं स्वस्त नाही. माल बाजूच्या वर्गानं वाढतो. ३६ चे १०० झाले, म्हणजे पावणेतीन पटीच्या वर.

कॉलमकडच्या बारा मात्र मोडाव्या लागल्या. एका बाजूचा फिलेट ग्राइंडरनं काढायचा, फ्लँजच्या कडेला मुळापर्यंत उतार द्यायचा, माल भरायचा, मग मागून मूळ साफ करून तिकडूनही भरायचं. त्यानंतर अल्ट्रासॉनिक तपासणी, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पोटात पोकळी आहे का ते बघणं. बारापैकी दोन जागा पुन्हा कराव्या लागल्या. मजुरी आणि रॉड मामांच्या खिशातून, तपासणीचा खर्च कंत्राटदारानं घेतला. शॉपमधल्या पोरांना दिवाळीचे पैसे पाडव्याला न मिळता कार्तिकी एकादशीच्या आसपास मिळाले. हे मामांना सगळ्यात जास्त लागलं.

मी त्यांना परत निघताना पांढऱ्या खडूनं पत्र्याच्या भिंतीवर तीन प्रश्न लिहून दिले. तुम्हीही स्क्रीनशॉट काढून ठेवा. आयटीआयला असाल, डिप्लोमा करत असाल, किंवा घरच्या शेडचं काम काढलं असेल तरी उपयोगी पडतील.

१. प्लेट्स कशा भेटतात? टोकाला टोक, काटकोनात, की एकीवर एक? हा जोड.

२. माल कुठं बसणार? कडा तासून जाडीत, की नुसता कोनात? हा वेल्ड.

३. किती? जाडीत असेल तर पूर्ण की अर्धवट, आणि अर्धवट असेल तर किती मिमी. कोनात असेल तर फिलेटची बाजू किती.

तिन्हीची उत्तरं ड्रॉइंगवर नसतील, तर प्लेट कापायच्या आधी विचारायचं. विचारायला लाजायचं नाही. ड्रॉइंग काढणाराही माणूसच असतो, आणि त्याला दोन ओळींत काय राहून गेलं ते आपण विचारल्याशिवाय कळत नाही.

परवा मामांचा फोन आला. नवीन काम आलंय, एका जिन्याचं. म्हणाले, “ड्रॉइंगवर बट लिहिलंय. म्या इचारलं, जोड का वेल्ड? तिकडून दहा मिनिटं कुणी बोललंच नाही.” आणि खदाखदा हसले.

तर मंडळी, तुमच्या कामात असा एकच शब्द आणि दोन अर्थ असतील, मग ते शेतीत असो, दवाखान्यात असो की कोडमध्ये, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातले निवडक ऐकवतो. तोपर्यंत, वेल्डिंग बघायचं असेल तर काच लावून बघा. उघड्या डोळ्यांनी नको. भेटू!